धोतरातले अब्बा

रविवारी पोलादपूरला शुभांगीकडे जेवायला गेले होते. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. अब्बा गेल्यापासून मी कुठे जात नाही, पण तिच्या वडिलांनी, गणपतकाकांनी स्वतः फोन केला म्हणून गेले.

जेवणं झाल्यावर शुभांगीने टीव्हीवर तो सिनेमा लावला... त्यांच्याकडे पाहुणा आला की लावतातच. आम्ही शाळेत असताना इकडे त्याचं शूटिंग झालं होतं. त्यात बाजाराचा एक सीन आहे. एक मुसलमान हिरॉइनकडे रोखून बघतो आणि ती घाबरून पळते.

डोळ्यांत सुरमा, जाळीची टोपी, गळ्यात चौकड्यांचा रुमाल... तो मुसलमान म्हणजे गणपतकाका. मूळचे उमरठचे शेतकरी. रुमाल होता तो गळ्यातली तुळशीची माळ झाकायला.

अब्बाही तेव्हा सोबत होते. ते महाड-पोलादपूर मिनीडोर रिक्षा चालवायचे, काका रोजचे पॅसेंजर. शूटिंगला माणसं हवीत म्हटल्यावर दोघं हौसेने गेले. अब्बा म्हणाले, मुसलमान पाहिजे ना, मी आहे की. तिथल्या माणसाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "ये मुसलमान नहीं लगता."

अब्बांना धोतर-पागोटं मिळालं आणि टोपी काकांना.

हा किस्सा अब्बा नेहमी सांगायचे. "चार पिढ्या आम्हाला कोणी विचारलं नाय, मुसलमान कशावरून म्हणून, आणि हा कालचा आला मला सांगायला..." म्हणायचे आणि हसायचे. सिनेमा लागला तेव्हा थिएटरला जाऊन आले आणि म्हणाले, मला कापला.

तेव्हा मलाही गंमत वाटायची. आता वाटत नाही. अब्बांचा एकही व्हिडिओ आमच्याकडे नाही... मोबाईल समोर धरला की उठून जायचे. आणि शुभांगीचे वडील समोर सोफ्यावर बसलेत, शिवाय टीव्हीवरही आहेत. तेही आमच्या वेशात. अब्बांच्या जागी.

हेवा तिचा आधीपासूनच वाटतो. सिनेमात कुणाचे वडील दमून घरी आले, मुलीला हाक मारली, की शुभांगी रडते. "अगदी आमचे अण्णा..." म्हणते. मला असं कधी म्हणता आलं नाही. आमच्यातला माणूस पडद्यावर आला की एक तर बॉम्ब ठेवतो, नाहीतर हिरोसाठी मरतो. गाडी पुसता पुसता "काय गो, जेवलीस का?" विचारणारा कुणी येतच नाही.

बाजाराचा सीन सुरू झाला तशी मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. काका म्हणाले, "बस गो बाय. माझ्याकडं नको बघू. माझ्या मागं बघ, भाजीच्या पाटीजवळ."

धोतर नेसलेला एक माणूस, तोंडावर हात धरलेला. शुभांगीने सीन जरा पुढे नेला. हात खाली आला... अब्बा होते. हसत होते.

"जुन्या टीव्हीवर दिसायचा नाय," काका म्हणाले. "मला सांगितलेलं, डोळे वटार. मी वटारतोय आणि हा मागं खुदखुदतोय. किती शिव्या खाल्ल्या आम्ही त्या दिवशी. दिसला तसा तुला फोन केला."

परत परत लावायला सांगितलं मी. शुभांगी न कंटाळता लावत राहिली. त्या सीनमध्ये सगळा बाजार त्या मुसलमानाला घाबरून बाजूला होतो. एकटे अब्बा हसतायत... तो कोण आहे हे त्यांना माहीत होतं ना.

निघताना काका पायरी उतरून खाली आले, शुभांगीने त्यांचा हात धरला होता. त्या रात्री नमाजनंतर काकांसाठी भरपूर आयुष्य मागितलं. शुभांगीचा हेवा मात्र अजून वाटतो... खोटं कशाला बोलू.