मेल्याशिवाय कविता नाही

भंडाऱ्याहून आसगावला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर धानाच्या बियाण्याची पिशवी आणि हातात मोबाईल. मोबाईलच्या खेळात एक जपानी योद्धा तलवार घेऊन उभा होता, पण हा गृहस्थ त्याला हलवतच नव्हता. शत्रू यायचा, वार करायचा, योद्धा आडवा. तिसऱ्यांदा मला राहवलं नाही.

"बटन दाबा न भाऊ, वाचंल तो."

"वाचवाचाच नाही जी. मेल्याशिवाय कविता नाही भेटत."

खरंच, योद्धा पडला की पडद्यावर तीन ओळी उमटत होत्या.

*हाथ से छूटी*
*घास में तलवार है*
*कीड़े गाते हैं*

तो पेरांवर अक्षरं मोजू लागला. धान मोजतात तशी, पहिल्याला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून. "लाभ, दोन, तीन, चार, पाच."

मी मराठीचा निवृत्त मास्तर. हायकूचं पाच-सात-पाच मला पाठ. मधली ओळ आठ अक्षरांची निघाल्यावर मला कोण आनंद झाला!

"चुकलं," मी म्हणालो. "मी मास्तर होतो. इथे एक अक्षर जास्त आहे."

त्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"मरणाऱ्याले का मोजूनच देता गुरुजी? एखादं वरतून द्या लागते."

आसगावला तो उतरून गेला. घरी येऊन मीही तो खेळ मोबाईलमध्ये घेतला. पण शत्रू आला की बोट आपोआप बटनावर जातं, योद्धा वाचतो, आणि मला अजून एकही कविता भेटलेली नाही.