तेलाचा शर्ट

सचिन या गावातल्या रंगाच्या कारखान्यात सगळे ज्याला नुसतं ‘तेल’ म्हणत, त्याचं खरं नाव ॲनिलिन. हे मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं. नवरा दोन वर्षं तिथं कामाला होता आणि त्याचे कपडे मी मुलीच्या झबल्यांबरोबर एकाच बादलीत भिजवायची.

त्या दुपारी पहिल्या पाळीवरून तो हसतच आला. पिंप रिकामं करताना शर्टावर थोडं तेल उडालं, वाळलंही, म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ शाईत बुडवल्यासारखे. कान, नखं, जीभसुद्धा राखाडी निळी. आणि त्याला काहीच होत नव्हतं. चहा मागत होता. मुलगी त्याच्याकडे झेपावली नाही, भिंतीला चिकटून उभी राहिली.

“माले काय हुयनं?” त्यानं विचारलं.

मी दाढीचा आरसा त्याच्या हातात दिला. तो बघत राहिला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, काढायचं राहून गेल्यासारखं.

मला वाटलं, रंग लागला असेल. स्टोव्हवर पाणी कढत केलं, त्याला मोरीत बसवलं आणि तांब्या उचलला. तेवढ्यात शेजारचे काका दारात आले. तेही त्याच कारखान्यातले, जुने. बसमध्ये याचे ओठ दिसले म्हणून घरी न जाता थेट इकडे आले होते.

“गरम पाणी नको ओतू, पोरी. त्यानं ते कातडीतून आणखी आत जातं.”

त्यांनी त्याचे सगळे कपडे उतरवले. मला हात लावू दिला नाही; काठीनं ढकलून पिशवीत भरले. मग गार पाणी आणि साबण, केसांत, कानामागे, नखांखाली. धुताना ते सांगत होते की, ज्याला होतं त्यालाच सगळ्यांत शेवटी कळतं. त्यांचा एक सोबती असाच घरी गेला, थोडी दारू प्यायला, झोपला, तो उठलाच नाही.

रिक्षात नवऱ्याला धाप लागली, डोकं फुटेल असं दुखू लागलं. दवाखान्यात काकांनी आधी रसायनाचं नाव सांगितलं. सुईत आलेलं रक्त चॉकलेटी होतं. मग डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं, ते गडद निळं. मी त्यांचा हात धरला. आधीच निळ्या झालेल्या माणसात आणखी निळं कसं घालायचं?

“बहन, इसकी दवा यही है,” ते म्हणाले.

तासाभरात त्याच्या ओठांत माणसाचा रंग परतला. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी झाली, तेव्हा मी पुन्हा घाबरले. नर्सनं सांगितलं, औषधाचा रंग आहे. मुलीलाही तपासून घेतलं. तिला काही नव्हतं. तरी घरी आल्यावर ती बादली मी फेकून दिली.

कारखान्यानं नवे हातमोजे दिले. आंघोळ तिथंच करायची, कपडे तिथंच ठेवायचे, असा नियम झाला. काही महिन्यांनी त्यानं ते काम सोडलं आणि बमरोलीत कापड विणायच्या लूमवर लागला. तिथल्या खडखडाटानं त्याला हळूहळू कमी ऐकू येऊ लागलं. मी मोठ्यानं बोलायला शिकले.