गोधडीचा चौथा कोपरा

मी बी.ए. झालो तो माझ्या आत्यामुळे. सारं सोनगीर तिला अक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. गोधडीच्या काठाबाबत तिच्याइतकी हट्टी बाई तापीच्या अल्याड-पल्याड दुसरी झाली नसेल. काठ बाहेरून आणून लावायचा नाही, तो गोधडीच्या अस्तरातूनच यायला हवा, असं तिचं ठाम मत होतं. सारवलेल्या जमिनीवर ती आधी जुनं लुगडं पसरायची आणि त्यावर चिंध्यांचे थर असे रचायची, की चहूबाजूंनी लुगडं वीतभर उरावं. थर शिवून झाले की उरलेलं लुगडं दुमडून, पुन्हा एकदा दुमडून वरच्या बाजूला घ्यायची आणि टाके घालायची. कोपऱ्यात आधी टोक आत मुडपायचं, मग दोन्ही दुमडी तिरक्या येऊन एकमेकींना भेटायच्या. हे काम चालू असताना घरात कोणी शिंकलं, तरी तिला तो अपमान वाटायचा.

कोणाच्याही घरी गेली, की पाणी पिण्याआधी ती अंथरुणांच्या घडीचा कोपरा उलटून बघायची. माझ्या बहिणीसाठी नरडाण्याचं स्थळ पाहायला गेलो, तेव्हा मुलाची नोकरी, शेती, स्वभाव यांची चौकशी आम्ही केली. अक्का थेट गोधड्यांपाशी जाऊन बसली. एका गोधडीला दुकानातली चमकदार पट्टी लावलेली होती. अक्काने तिचं खालचं अस्तर चाचपलं.

"पाठना कपडा शे ना? मंग हाई पट्टी कसाले?"

मुलाची आई गोरीमोरी झाली. लग्न ठरलं, पण त्याआधी ती पट्टी उसवली गेली. पुढेही अक्का येणार असं कळलं, की बहिणीच्या सासरी गोधड्या आतल्या खोलीत जायच्या.

मला जळगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, वसतिगृहातही जागा मिळाली. पण वडील म्हणाले, "बारावी व्हयनी, बस व्हयनं. आते कारखानामा लावसू." अक्काने वाद घातला नाही. तिने लुगडं पसरलं आणि शिवायला बसली. गोधडी होत आली तेव्हा वडिलांना म्हणाली, "हाई गोधडी जळगावनी शे."

"गोधडी आठे बी पांघराले चालस, अक्का."

"नही. जळगावनी सांगीसन शिवेल शे."

दुसऱ्या दिवशी वडिलांनी फीचे पैसे काढून दिले. मी जळगावला गेलो.

जाताना पाहिलं, तर गोधडीचे तीनच कोपरे बंद होते. चौथ्यातून चिंध्या डोकावत होत्या. विचारलं, तर म्हणाली, "तू पास व्हयना म्हनजे शिवसू. उघडा शे म्हनजे काम बाकी शे, ध्यानमा ठेव."

वसतिगृहात माझा खोलीसोबती रावेरचा होता. केळीच्या बागांत वाढलेला, दिलदार मुलगा. "तुझ्या गोधडीला गळती लागली का रे?" असं तो रोज विचारायचा. शेवटी त्याला राहवलं नाही. माझ्या नकळत त्याने गोधडी शिंप्याकडे नेली आणि कोपऱ्यावर मशीनने निळी पट्टी मारून आणली. दिवाळीत मी ती तशीच घरी नेली. अक्काने दारातच कोपरा हाती घेतला.

"पास व्हयना का?"

"नाही अक्का, अजून वेळ आहे."

"मंग बंद कसा व्हयना?"

तिने तिथेच उभ्याने दातांनी दोरा तोडला, पट्टी उसवून माझ्या हातात दिली आणि मग म्हणाली, "चाल, जेवाले बस."

दुसऱ्या वर्षी माझा इंग्रजीचा विषय राहिला. त्याच सुमारास अक्काला सुईचं नेढं दिसेनासं झालं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा मोतीबिंदू नाही, ऑपरेशनने परत येणारी ही नजर नाही. मग गावात माझ्या अभ्यासाची चौकशी सुरू झाली. आधी माझा निकाल लागतो की अक्काची नजर जाते, याची काळजी चावडीवरच्या लोकांनाही पडली. शेजारची काकू चांगल्या मनाने म्हणाली, "अक्का, मी शिवीसन देसू."

"डोया गयात, हात थोडाच गयात!" असं म्हणून अक्काने सुई उचलली, ती उलटी.

मी त्या दिवशी तिथेच होतो. सुई सरळ करून तिच्या हातात देण्याचं मला धैर्य झालं नाही. जळगावला परतलो आणि त्यानंतर अभ्यास केला तो त्या कोपऱ्याकडे बघत. थंडीत चिंध्या बाहेर यायच्या, त्या रोज आत ढकलून झोपायचो.

बी.ए.चा निकाल लागला त्याच दिवशी तिला पत्र टाकलं. आमचा पोस्टमन ओट्यावर बसून तिला पत्रं वाचून दाखवायचा, म्हणून त्याच्यासाठीही त्यात एक ओळ होती.

"ती. अक्कास,

सविनय जयभीम. पोस्टमनभाऊ, हे जरा मोठ्याने वाचा. अक्का, मी पास झालो, इंग्रजीतसुद्धा. काकूंना सांग, कोपरा शिवायला येऊ नका. मी रविवारी गोधडी घेऊन येतो आहे. इथल्या बाजारात मोठ्या नेढ्याची सुई मिळाली, ती घेतली आहे. दोरा मी ओवून देईन. टोक आत मुडपून, दोन्ही दुमडी जुळवून तुझ्या बोटांखाली धरीन. टाके मात्र तूच घाल. वाकडे पडले, तर उसवू नकोस. मला तेच पांघरायचे आहेत."