उजळायला दिलेले टाक

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिलो की मी स्वतःचे लहानमोठे दोष मोकळेपणाने सांगायचो, लोक माना डोलवायचे. ही गोष्ट मात्र दर वेळी गाळली. आता पत्नी नाही, मुलगी बंगळुरूला असते. परदेशीपुऱ्यातल्या या दोन खोल्यांत दिवसभरात मी मोठ्याने बोलतो ते फक्त सकाळच्या प्रार्थनेत, आणि तिथेही हल्ली याच गोष्टीपाशी अडतो.

माझा एक मित्र होता. आम्ही एकाच कापड गिरणीत होतो. गिरणी बंद पडल्यावर तो सियागंजात एका हार्डवेअरच्या दुकानात लागला. त्याचे पूर्वज संस्थानाच्या फौजेबरोबर इकडे हिंदी मुलखात आलेले, घराण्याचं कुलदैवत खंडोबा. आम्ही मराठी ख्रिस्ती, माझे आजोबा नगरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी आले. रोज सकाळी कोपऱ्यावर पोहे खाताना मी त्याला येशूबद्दल सांगायचो. कधी आडपडदा ठेवला नाही.

"काय पाद्रीबुवा, वर माझी सीट पक्की केली का?" तो विचारायचा.

"तू आधी फॉर्म भर."

"अरे भिया, माझा खंडोबा घोड्यावर बसून येतो, त्याला कळलं तर? तू बोल, मैं सुन रहा हूँ. पण पोहे थंड नको करू."

चाळीस वर्षं हे असं चाललं. तो हसायचा, वाद घालायचा, कधी कधी गंभीरपणे ऐकायचासुद्धा. त्याला नको म्हणता येत होतं, म्हणून मला हवं तेवढं बोलता येत होतं. हे मला फार उशिरा कळलं.

मग वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, पोटाचा कॅन्सर निघाला. मुलगा पुण्याला नोकरीत अडकलेला. हॉस्पिटलच्या रांगा, रिपोर्ट, रिक्षा, डबा, सगळं मी आपणहून अंगावर घेतलं. माझी पत्नी तेव्हा होती, ती वहिनींसाठी मऊ भात करून द्यायची. मी वहिनींजवळ बसून प्रार्थना करायचो. पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "करा ना, भाऊजी. चांगले शब्द आहेत, कुणाचे का असेनात."

एका दुपारी वाईट रिपोर्ट आला. हॉस्पिटलच्या बाकावर मित्राने मला विचारलं, "तुझा देव करेल का रे काही?"

मला माहीत नाही, पण मी तुझ्याबरोबर आहे, एवढं खरं उत्तर माझ्याजवळ होतं. ते न देता मी म्हणालो, "अर्ध्या विश्वासाने काही होत नसतं. घरातले टाक काढ आधी. ते समोर असताना प्रार्थना करणं मला जड जातं."

टाक म्हणजे कुलदैवताच्या चांदीच्या लहान प्रतिमा. त्याच्या देव्हाऱ्यात पणजोबांपासून पूजेत असलेले पाच टाक होते. त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्याकडे गेलो नाही. तब्येत बरी नाही असं कळवलं. माझी तब्येत ठणठणीत होती.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "काढले. ये तू."

मी गेलो. रविवारी चर्चमध्ये उभं राहून एका घरात प्रभूने केवढं काम केलं ते सांगितलं. पुष्कळांनी हात हातात घेतला.

चंपाषष्ठी आठवड्यावर आली होती. वहिनींना घरी आणलं होतं. खंडोबाचा घट बसायच्या आधी दर वर्षी त्या टाक स्वतः चिंच लावून उजळायच्या. त्या दिवशी उशीला टेकून बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "टाक आणा इकडे. बसल्या बसल्या करते."

टाक पलंगाखालच्या ट्रंकेत होते, जुन्या धोतरात गुंडाळलेले. मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी "आण" म्हटलं असतं तर त्याने तत्क्षणी ट्रंक ओढली असती. मी चर्चमध्ये जे सांगून बसलो होतो ते आठवलं, आणि मी खाली पाहिलं.

"सराफ्यात दिलेत उजळायला," तो म्हणाला.

"बाहेर? मी असताना?" त्या हसायला गेल्या. मग एकदा रिकाम्या देव्हाऱ्याकडे आणि एकदा माझ्याकडे त्यांनी पाहिलं. मी प्रार्थनेसाठी पुस्तक उघडलं तेव्हा अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "आज नको, भाऊजी."

पुन्हा त्यांनी टाक मागितले नाहीत. घट बसायच्या आदल्या दिवशी त्या गेल्या.

तेराव्याला मी गेलो. पंगत उठल्यावर मित्र मला जिन्यापर्यंत सोडायला आला. "एक सांगू? तुझं पटलं म्हणून नाही काढले टाक," तो म्हणाला. "तू यायचा बंद होशील म्हणून काढले. माझ्याकडे दुसरं कोण होतं यार?"

मी जिना उतरलो.

त्यानंतर मी माझ्या विश्वासाबद्दल कुणाशी बोलणंच सोडून दिलं. त्याला मी नम्रता म्हणत होतो, पण तीही पळवाट होती. कारण मी जे सांगत आलो ते मला आजही खरं वाटतं. हल्ली कुणी विचारलं तर सरळ सांगतो, भीड धरत नाही. समोरचा नाही म्हणाला तरी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जातो. आता जाण्यासारखी घरंच दोन-तीन उरली आहेत.

मित्र मुलाकडे पुण्याला गेला. दर नाताळला त्याचा फोन यायचा, शुभेच्छा द्यायचा. शेवटच्या वेळी मी ठरवून बसलो होतो. तो म्हणाला, "बोल भिया."

मी विचारलं, "पोहे मिळतात का तिकडे?"

"मिळतात. वर जिरावण मसाला नसतो." त्याने फोन ठेवला नाही. मला वाटतं, वाट पाहत होता. मी म्हणालो, "तब्येतीला जप."

पुढच्या नाताळला त्याच्या मुलाचा फोन आला.

मला त्याला एवढंच म्हणायचं होतं: तू टाक काढले नसतेस तरी मी यायलाच हवं होतं, आणि वहिनींनी मागितले तेव्हा ती ट्रंक मीच ओढायला हवी होती. माझं चुकलं. मला माफ कर.