ग्राफिक्स कार्डातला तांदूळ

माझा स्वभाव खोट काढणारा आहे. वांगी घ्यायला गेलो तरी एकेक वांगं उलटंपालटं करून बघतो. आमच्या चौकातली भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "साहेब, भाजी घेऊन राहिलात का पोरगी बघून राहिलात?" अशा माणसानं गेम खेळायचा कॉम्प्युटर एकेक पार्ट निवडून स्वतःच्या हातानं जोडायचं ठरवलं, तर त्याला वर्षं लागणारच. मला लागली. आणि एवढं करून फसलो. पार्ट सगळे बरोबर निवडले होते, त्याबद्दल आजही कुणी वाद घालावा. फसवलं ते माझ्या सगळ्यात जवळच्या मित्रानं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमची ओळख लातूरची. मी मुदखेडचा, वडील रेल्वेत. तो रेणापूरजवळच्या एका खेड्यातला, घरची शेती. पॉलिटेक्निकला असताना दोघांनी मिळून एक खोली घेतली होती. आजूबाजूच्या खोल्यांमध्ये सगळी डॉक्टर व्हायला आलेली पोरं, पहाटेपासून घोकंपट्टी चालायची. आम्ही दोघं मात्र एका मोबाइलला डोकी लावून लोक कॉम्प्युटर कसे जोडतात त्याचे व्हिडिओ बघायचो. खिशात दमडी नाही आणि भांडण कशावरून, तर प्रोसेसर कुठल्या कंपनीचा घ्यावा. तो म्हणायचा, "आमचे आबा हाळीच्या बाजारात असेच बैल बघतात. आधी दात, मंग खांदा, मंग चाल. घेत न्हाईत कधी, पण बघतात लई." त्या खोलीत मी जेवढा हसलो तेवढा पुढे कुठेच हसलो नाही.

त्याच खोलीत मी त्याला आमच्या घरातला एक नियम सांगितला होता. आमच्या घरात दुसऱ्यानं वापरलेली वस्तू येत नाही. बाबांचं लहानपण जळकोटकडच्या एका खेड्यात गेलं. आजी ज्यांच्या शेतात राबायची, त्यांच्या घरून तिला पोरांसाठी उतरलेले कपडे मिळायचे. बाबा जो सदरा घालून शाळेत जायचे, तो ज्या पोराचा होता तो त्याच वर्गात होता. मधल्या सुट्टीत तो सगळ्यांसमोर बोट दाखवायचा, "माझा हाय त्यो सदरा." बाबांना रेल्वेत नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून त्यांनी आजीला कोरं लुगडं घेतलं आणि ठरवून टाकलं, की आता या घरात कुणाचं उतरलेलं काही येणार नाही. आमच्या वस्तीतली बाकीची बौद्ध घरंसुद्धा पोरांना अर्ध्या किमतीत जुनी पुस्तकं घेऊन द्यायची. आम्हाला कमी मिळायची, पण कोरी. सायकल दोघा भावंडांत एकच, पण दुकानातून आणलेली.

सदऱ्याची ही गोष्ट बाबांनी मला एकदाच सांगितली होती, आणि मी ती बाहेर एकाच माणसाला सांगितली. ऐकून त्यानं हातातला मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाला, "भारी माणूस हाय गड्या तुझा बाप." मला ते फार बरं वाटलं होतं.

पुढे मी नांदेडला सरकारी कचेरीत लागलो. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. मित्रानं लातूरला बी-बियाणं आणि खतांचं दुकान टाकलं. त्याचा कॉम्प्युटर माझ्याआधी जोडून झाला. त्यातलं ग्राफिक्स कार्ड बघून मी तेच घ्यायचं नक्की केलं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे त्या डब्यातला सगळ्यात महाग आणि मानाचा भाग. खेळातलं सगळं चित्र तेच काढतं, त्याला स्वतःचे पंखे असतात, आणि जावयासारखं त्याला काय लागतं ते आधी विचारून मग बाकीची व्यवस्था करावी लागते. त्याच्या मापानं मी पॉवर सप्लाय निवडला, नांदेडचा उन्हाळा ध्यानात घेऊन पुढून जाळी असलेलं कॅबिनेट निवडलं, मदरबोर्डवर तर आमचे फोनवर महिनाभर वाद चालले. फक्त कार्डाच्या बाबतीत त्यानं एकदा वेगळं सुचवलं. "सेकंडहँड बघ की. सगळे तेच करून राहिलेत."

"आमच्या घरचं तुला माहीत आहे," मी म्हणालो.

"हाव बाबा, कळलं. कोरं घे."

पार्सलं त्याच्या दुकानावर मागवायची असं ठरलं. मी शनिवारशिवाय लातूरला जाऊ शकत नव्हतो, आणि एखादा पार्ट बंद निघाला तर तो आठवड्याच्या आत परत करावा लागतो. म्हणून आलेला प्रत्येक खोका त्यानं उघडायचा, स्वतःच्या कॉम्प्युटरला लावून बघायचा आणि परत बंद करून ठेवायचा. ही त्याचीच कल्पना. मी त्याचे आभार मानले होते.

सगळं आल्यावर मी गेलो. त्याच्या घरी फरशीवर चादर अंथरून आम्ही बसलो. प्रोसेसर मी बसवला. रॅम मी बसवली. कार्डाची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "तू व्हिडिओ काढ, हे मी बसवतो." त्यानं ते खोक्यातून काढलं, अलगद बसवलं, आणि मी मोठ्या कौतुकानं त्याचा व्हिडिओ काढत राहिलो. तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. बटण दाबलं, पडदा उजळला, तेव्हा त्यानं मला कडकडून मिठी मारली. ती मिठी खोटी होती असं मला अजूनही म्हणवत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

नांदेडला आणल्यावर बाबांनी कॅबिनेटवरून हात फिरवला. "सगळं कोरं हाय ना?"

"सगळं."

"मंग चालव."

रेल्वेगाडी चालवायचा एक खेळ मी मुद्दाम बाबांसाठी घेतला होता. मी गाडी चालवायची आणि त्यांनी शेजारी खुर्ची टाकून माझ्या चुका काढायच्या. "अरे, सिग्नल लाल हाय, काय करून राहिलास? इंजिन घालतो का कुणाच्या घरात?" रिटायर झाल्यापासून एवढं ते कुणावर ओरडले नव्हते. मजेत होते.

ऊन तापायला लागलं तशी कुरबुर सुरू झाली. कार्डाचे पंखे घरघर करायचे आणि गाडी निम्म्या वाटेत असताना पडदा काळा व्हायचा. "तुझं मशीन गाडीला यार्डात पोचू देत न्हाई," बाबा म्हणायचे. मी मित्राला फोन लावायचो आणि तो लातुरात बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. आधी म्हणाला, नांदेडच्या गरमीनं होतंय, पंखा लाव. मी टेबलफॅन लावला. मग म्हणाला, "तुझं कॅबिनेटच चुकलं गड्या, हवा खेळत न्हाई त्यात." मी दुसरं कॅबिनेट आणलं. मग म्हणाला पॉवर सप्लाय कमी पडतो. कार्ड वॉरंटीत पाठवतो म्हणालो तर म्हणाला, "येडा हायस का? दोन-दोन महिने लटकवतात." इतकी वर्षं घासून-पुसून निवड केली आणि शेवटी आपल्याला निवडताच येत नाही, असं मला वाटायला लागलं. मी ते त्याला बोलूनही दाखवलं. त्यानं मला समजावलं, धीर दिला.

एका रविवारी सकाळी कार्ड बाहेर काढून खिडकीच्या उजेडात साफ करायला बसलो. पंख्यांच्या मागे पातळ पत्र्यांची दाटी असते, त्यांच्या फटीत रंगकामाचा ब्रश फिरवत होतो. एका फटीत काहीतरी अडकलेलं दिसलं. टाचणीनं उकरून काढलं, तर तांदळाचा दाणा. आधी वाटलं उंदराचं काम. मग दाणा उजेडात धरला तर तो लाल होता. पंखा सोडवून बघितला, तर त्याच्या मधल्या गोलाच्या कडेला कुंकू वाळून बसलं होतं. वरवर पुसलं होतं, आत राहिलं होतं.

आमच्या घरात यंत्राला कुंकू लावत नाहीत आणि अक्षताही वाहत नाहीत. तो मात्र खंडेनवमीला दुकानातला वजनकाटा, मोटारसायकल, सगळं पूजतो. स्वतःचा कॉम्प्युटर जोडला त्या वर्षी त्याची झाकणी उघडून त्यानं त्याचीही पूजा केली होती आणि मला फोटो पाठवला होता. मी उलट चेष्टा केली होती, "आता गेममध्ये देव दिसेल का?" तो फोटो शोधून काढला. कुंकू पंख्याच्या मधोमध, वर तांदूळ. मग बिलावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर ताडून बघितला. जुळत नव्हता. माझं कोरं कार्ड त्याच्याकडे होतं, आणि त्याचं उतरलेलं माझ्या घरात. वॉरंटीचं नाव काढलं की तो का अडवायचा ते तेव्हा समजलं.

बाबांना काही न बोलता कार्ड टॉवेलात गुंडाळलं आणि लातूरची बस धरली. अख्ख्या वाटेत मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो, आणि मधेच वाटत होतं की त्याच्याकडे काहीतरी कारण असेल, असलं पाहिजे.

दार त्यानंच उघडलं. "अरे! फोन तरी करायचा." कोपऱ्यात त्याचा कॉम्प्युटर चालू होता, आवाज नाही, काही नाही. मी टॉवेल सोडला आणि कार्ड टेबलावर ठेवलं. "हे तुझं आहे."

त्यानं नाही म्हणून बघितलंसुद्धा नाही. "बस. पाणी पी आधी."

"कधी केलंस?"

"पार्सल आलं त्याच दिवशी." तो खाली बघून बोलत होता. "माझं तापून बंद पडून राहिलं होतं. दुरुस्त कराया म्हणून मी उघडलं अन् वॉरंटी गेली. तेवढ्यात तुझं आलं, सेम टू सेम. तू आठवड्यातून एकदा खेळणार. म्हणलं, तुझं भागतंय त्याच्यावर."

"मी कॅबिनेट बदललं. तू बदलायला लावलंस."

त्यानं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"तुला आमच्या घरचं माहीत होतं. सदऱ्याचं माहीत होतं."

"हाव." मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "खरं सांगू का? म्हणूनच धीर झाला. म्हणलं, उद्या कळलं तरी ह्यो बोलणार न्हाई. बापाला काय तोंडानं सांगल? गप बसल."

केसानं गळा कापला म्हणतात, ते मी आजवर नुसतं बोलत आलो होतो. आमच्या घराची दुखरी जागा मी विश्वासानं त्याच्या हातात दिली होती, आणि त्यानं ती कुलपासारखी वापरली. मला त्याच्या कानाखाली मारावीशी वाटली. मारली नाही, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं.

त्यानं उठून कॉम्प्युटर बंद केला, स्क्रू काढले आणि माझं कार्ड माझ्यासमोर धरलं. "घे तुझं. नवंच हाय अजून." मी हातात घेतलं. ते गरम होतं. पंख्याच्या पात्यांवर त्याच्या घरातली धूळ होती. इतके महिने त्याच्या घरी चालून आता तेही उतरलेलंच झालं होतं. दोन्ही कार्डं मी टेबलावर ठेवली. "आता दोन्ही तुझीच," म्हणालो आणि चप्पल घातली. त्यानं मागून हाक मारली. मी थांबलो नाही.

परत येताना ठरवलं होतं, बाबांना सांगायचं की कार्ड दुरुस्तीला दिलंय. सोपं होतं. मग ध्यानात आलं की त्यानं याच गोष्टीवर भरवसा ठेवला होता. त्याचा एवढा तरी अंदाज चुकावा म्हणून जेवायला बसल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. तांदळाचं, कुंकवाचं, आणि सदऱ्याची गोष्ट मी त्याला सांगितली होती तेही. बाबा माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं.

ते चिडले नाहीत. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "सुट्टीत मुदखेडला आलता तोच ना? तुझ्या आईनं वरण-फळं केलती, अन् त्यानं जेवून आपलं ताट सवताच घासून ठेवलं?"

"हाव, तोच."

"त्या दिवशी मी तुझ्या आईला म्हणलं होतं, आपल्या पोराला चांगला दोस्त भेटला म्हणून," बाबा म्हणाले. तुकडा ताटात ठेवला आणि हात धुवायला उठले.