तेलवाळूवरच्या बाई

इतकी निरुपयोगी गोष्ट इतक्या गंभीरपणे शिकवणारं दुसरं माणूस मी धुळ्यात पाहिलेलं नाही. मी इथं सदतीस वर्षं काढली, त्यातली एकतीस कॉलेजच्या ग्रंथालयात, तेव्हा निरुपयोगी गोष्टींविषयी मला थोडंफार कळतं असं धरून चालायला हरकत नाही. आमच्या जिमखान्याच्या बाई मुलींना गोल्फ शिकवत. उन्हाळ्यात जिथं नळाच्या पाण्यावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो आणि हायवेकडेच्या बाभळीही धुळीनं तपकिरी दिसतात, तिथं. बरं, त्यांना खेळाडू तयार करायचेच नव्हते. त्यांना गोल्फ शिकवणाऱ्या बायका तयार करायच्या होत्या. म्हणजे जो खेळ या जिल्ह्यात कुणी खेळत नाही, त्याच्या शिक्षिका. हे ऐकून नवे प्राचार्य आधी हसत, मग बाई हसत नाहीत हे लक्षात आलं की चहा मागवत.

बाई मूळच्या फैजपूरकडच्या, केळीच्या बागांतल्या. लग्न केलं नाही. उमेदीच्या काळात एका छावणीच्या गावी फौजेतल्या भावाकडे राहिल्या आणि तिथं त्यांनी कुंपणाबाहेर उभं राहून हा खेळ पाहिला. अधिकाऱ्यांच्या बायकांना शिकवायला एक सद्गृहस्थ येत. ते प्रत्येकीच्या मागं उभे राहून तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरत आणि "वहिनी, जमेल तसं मारा" एवढंच शिकवत. नवऱ्यांना मात्र ते अर्धा अर्धा तास मनगटाचं शास्त्र सांगत. बाई म्हणत, "मी शास्त्र कुंपणाबाहेरून ऐकलं. आत असते तर वहिनीच झाले असते." पुढं त्यांनी प्रशिक्षकाच्या परीक्षेचा अर्ज भरला. अर्जावर आधीच 'श्री.' छापलेलं होतं, ते त्यांनी खोडून पाठवलं. परीक्षा चांगली गेली, पण मुलाखतीत एका वयस्क परीक्षकानं विचारलं, "बायकांना शिकवायला बाई कशाला हवी?" बाई म्हणाल्या, "मग पुरुषांना शिकवते." हे उत्तर त्या मंडळींना फार आवडलं नसावं. प्रमाणपत्र आलं नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय कुठल्याही क्लबात उभं राहता येत नाही.

मैदान म्हणजे कॉलेजच्या मागची मुरमाड जागा. खड्ड्याभोवतीची जी हिरवळ असते, ती इथं नव्हती. तिच्या जागी वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून, रोलर फिरवून केलेलं काळपट वर्तुळ. त्यावर चेंडू जातो, पण नाखुशीनं. तेल आणून द्यायचं काम एका रिक्षावाल्याकडे होतं. गॅरेजमधून डबा भरून आणायचा आणि दर वेळी तेच बजावायचा, "अक्का, हाई तेल जळेल शे. भजा तळू नका बरं यामा." चेंडू अडवायची जाळी फैजपूरहून आलेल्या, केळीच्या घडांवर चढवायच्या निळ्या पिशव्या शिवून केली होती. वारा सुटला की ती इतकी फडफडायची, की लांबून पाहणाऱ्याला कुणाचं तरी लग्न आहे असं वाटे.

या मैदानाचं एकदा रीतसर उद्घाटनही झालं, मैदान सुरू होऊन आठ वर्षं झाल्यावर. आलेल्या पाहुण्यांनी सफारी सावरत काठी हातात घेतली, क्रिकेटसारखी फिरवली आणि चेंडू जागचा हलला नाही. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा मुरूम उडाला आणि फोटोवाला मागं सरला. बाई शांतपणे म्हणाल्या, "सावकाश साहेब. तो कुठं जात नाही." पाहुण्यांनी मग भाषणात नारीशक्तीचा बराच वेळ गौरव केला आणि या मातीतून सुवर्णपदक निघेल असं जाहीर केलं. बाईंनी आभार मानताना एक नळ मागितला. नळ आला नाही, पाहुण्यांच्या नावाची कोनशिला आली. मुली तिच्यावर दप्तरं ठेवू लागल्या.

शिकवण्याची त्यांची रीत अशी, की जे आज शिकलं ते आजच, सूर्य मावळायच्या आत, दुसऱ्या कुणाला तरी शिकवायचं. शेजारीण चालेल, आजी चालेल, पण शिकवलं नाही तर दुसऱ्या दिवशी नवीन काही मिळायचं नाही. त्यामुळं धुळ्याच्या देवपूर भागातल्या काही ओसऱ्यांवर बायका लाटणी हातात धरून गुडघे किंचित वाकवून उभ्या असलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. आणि दुसरं, विद्यार्थिनीला हात लावायचा नाही. चूक शब्दांनी दुरुस्त करायची. शब्द सापडत नसेल तर शिकवणारीला अजून कळलेलं नाही. मला हा नियम एखाद्या उपनिषदात असायला हवा होता असं वाटे, बाईंना तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "उपनिषद राहू द्या, तुमचा उजवा खांदा खाली घ्या." कारण निवृत्तीनंतर मी त्या मुलींचा सरावाचं साहित्य झालो होतो. साठी उलटलेला, कडक सांध्यांचा, चष्मिष्ट पुरुष: याला शिकवता आलं तर कुणालाही शिकवता येईल, असा बाईंचा हिशेब. मला सगळ्यात जास्त वेळा शिकवलं त्या रिक्षावाल्याच्या मुलीनं, दीक्षानं. ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राही आणि उसासा टाकून म्हणे, "सर, तुमना हात इतला कडक कसाले शे? पुस्तकं काय मुठीत दाबून धरायचे का?" मग स्वतःच जीभ चावून प्रमाण भाषेवर येई, "म्हणजे, जरा सैल धरा ना सर." तीन महिन्यांनी माझा चेंडू जाळीपर्यंत गेला. दीक्षानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

बाई शिकवताना मुलीकडे पाठ करून उभ्या राहत. नुसता आवाज ऐकून सांगत, "टाच उचललीस," "घाई केलीस," आणि ते खरं असे. लोक याला त्यांचा विक्षिप्तपणा म्हणत. "डोळा खुशामत करतो, कान करत नाही," हे त्यांचं स्पष्टीकरण. मी बराच काळ ते मानलं. मग एकदा ग्रंथालयात त्यांनी माझ्यासमोर पुस्तक उलटं धरलं आणि पान पालटलं. काचबिंदू होता. एक डोळा गेल्यातच जमा, दुसरा निघालेला. मी पुस्तक सरळ करून दिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "कुणाला बोलू नका. डॉक्टर म्हणतात वर्ष-दीड वर्ष. तेवढ्यात एक तरी पोरगी कागदावर शिक्षिका झाली पाहिजे. एक झाली की पुढच्या अर्जावर कुणी विचारणार नाही, बाई कशाला म्हणून." त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली मदत एवढीच: दीक्षाला परीक्षेला घेऊन पुण्याला जायचं आणि तिथं जे दिसेल ते त्यांना सांगायचं.

आम्ही तिघं एसटीनं गेलो. परीक्षेचे दोन भाग होते, आधी स्वतः खेळून दाखवायचं, दुसऱ्या दिवशी अनोळखी माणसाला शिकवून दाखवायचं. उमेदवार वीसेक, मुली दोन. पहिला फटका दीक्षानं असा मारला की शेजारचे दोन तरुण वळून पाहू लागले. बाईंनी आवाज ऐकला आणि माझ्या बाहीला नुसता हात लावला. चेंडू जाऊन हिरवळीच्या मधोमध पडला. दीक्षा चालत गेली, हिरवळीच्या काठाशी आली आणि थांबली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"उभी आहे."

"का?"

मला कळेना. दीक्षानं खाली पाहिलं, मग बूट काढले. बूट हातात घेऊन ती काठाकाठानं पूर्ण वळसा घालून पलीकडे गेली, तिथूनही चेंडू तितकाच लांब होता, तेव्हा परत आली. आणि नोंद घेणाऱ्या गृहस्थांना तिनं अदबीनं विचारलं, "यावर पाय दिला तर चालेल का?"

मागं एकजण हसला. "गवताला ओवाळून घे आधी!"

मी हे सगळं बाईंना शब्द न शब्द सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "अहो," त्या म्हणाल्या, "मी सांगितलंच नाही तिला." खरंच, कुणीच सांगितलं नव्हतं. तेलवाळूवर मुली धडधडा चालत. पण इतकं दाट, एकसारखं, ओलं हिरवं असं काही त्या मुलीनं फक्त शेतात पाहिलं होतं, आणि वर आलेल्या पिकात पाय घालू नये हे तिला चालायला यायच्या आधी शिकवलं गेलं होतं. शेवटी ती अनवाणी, चवड्यांवर, जणू कुणी झोपलं आहे अशी हिरवळीवर गेली आणि सवयीनं, वाळूवर मारायचा त्या जोरानं, चेंडू ढकलला. चेंडू गवतावरून घसरत गेला तो पलीकडच्या उतारावरून खाली. प्रत्येक हिरवळीवर तेच. ठरलेल्या आकड्यापेक्षा दोन फटके जास्त झाले आणि ती नापास झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं शिकवून दाखवलं. तिच्या वाट्याला एक पन्नाशीच्या बाई आल्या होत्या, कुणा सभासदांच्या पत्नी. त्या आल्या आल्याच म्हणाल्या, "मला काही येणार नाही हं, आमचे हे सांगतात." दीक्षा त्यांच्यापासून दोन हात लांब उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्याकडे एक सर येतात, त्यांना सुद्धा आलं. तुमचे हात तर त्यांच्याहून खूप चांगले आहेत." त्या अनोळखी बाई हसल्या आणि त्यांचे खांदे खाली आले. वीस मिनिटांनी त्यांचा चेंडू हवेत गेला. परीक्षकांनी दीक्षाला त्या दिवशीचे सर्वांत जास्त गुण दिले आणि नियमाप्रमाणे सांगितलं, खेळाची परीक्षा सहा महिन्यांत पुन्हा द्यावी लागेल. परतीची एसटी मालेगावला आली. दीक्षा रडवेली होऊन म्हणाली, "अक्का, माझीच चूक झाली." बाई म्हणाल्या, "गप्प बस. पीक तुडवलं नाहीस, यात चूक कसली? चूक माझी. आता गवत लावू."

आणि त्यांनी गवत लावलं. अंगणात, खाटेएवढं. आंघोळीचं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी, शेवटी शेजारणींनी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा बादल्यांनी येऊ लागलं. गवत वर आलं, पण त्यावर पाय ठेवायला एकही मुलगी तयार होईना. ज्यांनी पाणी घातलं त्या शेजारणी तर दारातून पहारा देत. तेव्हा एका सकाळी बाई स्वतः बूट घालून त्यावरून चालल्या. या टोकाहून त्या टोकाला, पुन्हा परत. समोर तुळशीचा कट्टा होता, तो त्यांना दिसला नाही. मी "बाई, बाई" म्हणेपर्यंत त्यांचा गुडघा आपटला होता. "लागलं नाही," त्या म्हणाल्या. "दीक्षा, ये. पाय दे." सहा महिने ती मुलगी त्या खाटेएवढ्या तुकड्यावर चेंडू ढकलत राहिली, इतका हळू की तिच्या वडिलांना वाटलं पोरगी आजारी आहे.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. प्रमाणपत्र आलं. बाईंनी ते हातात घेतलं, बोटांनी कडा चाचपल्या आणि मला वाचायला लावलं. 'श्रीमती' छापलेलं होतं. मी तो शब्द दोनदा वाचला. तोवर बाईंना उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. पुढं महिन्याभरात पुण्याच्या एका क्लबाचं पत्र आलं: बायकांच्या वर्गाला त्यांना शिक्षिका हवी होती. दीक्षाचे वडील त्या संध्याकाळी तेलाचा डबा न घेता आले. दारातच उभे राहिले. "अक्का, तठे तिनं कोन शे?" त्यांनी विचारलं. आणि मग, खाली पाहत, "अन् अठे तुमनं कोन शे?"

इथं बाईंचं कोण, हा प्रश्न मलाही सुचला होता, पण विचारायचं धाडस नव्हतं. बाईंनी ज्या एका मुलीसाठी इतकी वर्षं मुरूम तुडवला, तीच आता मैदान सांभाळेल असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. पण प्रमाणपत्रवाल्या शिक्षिकेला धुळ्यात कोण पगार देणार? बाई म्हणाल्या, "तिथं बायका अजून मागं उभं राहून हात धरणाऱ्या माणसाकडून शिकतायत. इथल्या पोरींना मी आहे. जाऊ द्या तिला." आवाज अगदी साधा होता. फक्त वडील गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "सर, तुम्ही धुळ्यातच राहणार ना?" मी म्हटलं, मला कुठला क्लब बोलावतोय.

दीक्षाला सोडायला आम्ही सकाळी बसस्टँडवर गेलो. नेहमीची गर्दी, पेपरवाले, केळीवाले, कंडक्टरची शिट्टी. दीक्षा वाकून पाया पडली. बाईंनी "खांदा सैल ठेव" एवढंच सांगितलं, जसा काही तोच आशीर्वाद. ती चढली, मागून तिसऱ्या खिडकीशी बसली. बस हलायला लागली तेव्हा बाईंनी हात उंच केला आणि हलवू लागल्या, पण पुढून दुसऱ्या खिडकीकडे पाहून. त्या खिडकीत मुंडासं बांधलेले एक आबा होते, ते गोंधळून हात हलवू लागले. मी बाईंचा हात धरून वळवणार इतक्यात दीक्षाला दिसलं. ती जागेवरून उठली, धावत पुढं आली, "आबा, सरका ना जरा," असं म्हणत त्या म्हाताऱ्याला ओलांडून तिनं त्याच खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि बाई जिथं पाहत होत्या बरोबर तिथून, बस फाटकाबाहेर वळेपर्यंत, दोन्ही हात हलवत राहिली.

"दिसली का हो तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"दिसली," मी म्हटलं. "तुमच्या समोरच होती."