बघू की, आधी या तर

सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. लेक परीला अंगणवाडीत सोडून मी घरात पाय टाकते तोच फोन वाजला.

"क्लासच्या होस्टेलच्या खिडक्या तुम्हीच पुसल्या का? मग उद्या आमच्याकडं या."

मी म्हणलं, "दादा, किती खिडक्या हायत? दर सांगू का?"

"बघू की, आधी या तर." अन् फोन बंद.

तिथून हे सुरू झालं. दीड वर्ष झालं आता. आम्ही तिघी चहाला बसलो की एक किस्सा सांगावा तर दुसरा मधेच घुसतो, दुसरा संपत न्हाई तोवर तिसरी हसायला लागलेली असते. सगळ्यांचं मूळ एकच. गिऱ्हाईक आधी दर ऐकून घेत न्हाई.

तिघी म्हणजे मी, माझी मोठी जाऊ शोभाताई, अन् गल्लीतल्या शबानाभाभी. लातूरला एका क्लासच्या पोरींच्या होस्टेलात आम्ही झाडू-पोछा करायचो. एकदा पालक येणार म्हणून मॅडमनी खिडक्या पण पुसायला लावल्या. एका पोरीच्या लातूरातल्या मामांना काचा आवडल्या, त्यांनी वॉचमनकडून नंबर घेतला. वरचा फोन त्यांचाच.

लोकांना वाटतं दर म्हणजे पैसे. माझ्यासाठी दर म्हणजे घड्याळ. अंगणवाडी एक वाजता सुटते. परीचे पप्पा डाळमिलमध्ये, सासूबाई रेणापूरला शेतात. लेकराला आणायला माझ्याशिवाय कोणी न्हाई. काचा किती ते आधी कळलं तर वेळ किती ते कळतं. न्हाई कळलं तर बारा वाजल्यापासून माझं ध्यान अंगणवाडीच्या गेटात. गेट उघडं राहिलं असंल, कुत्रं आलं असंल, पाण्याचा टँकर मागं घेत असतील अन् परी तिथंच उभी असंल. शोभाताई म्हणतात, "आधी तुझ्या डोक्यातला टँकर बंद कर, मग काच पूस."

*

तर ते पहिलं गिऱ्हाईक. आडतीचं दुकान, मोठा बंगला. गेटातच सेठ म्हणले, "चारच खिडक्या हायत. तासाभराचं काम." मी खूश. घरी जाऊन भात टाकून परीला आणू म्हणलं.

आत जाऊन बघितलं तर एकेक खिडकी भिंतीएवढी. लाकडी चौकटी, मधे गज, अन् एका खिडकीला सोळा काचा. मी म्हणलं, "सेठ, ह्या चार न्हाईत हो." सेठ म्हणले, "एका भिंतीला एक. चार भिंती, चार खिडक्या. तुम्हाला मोजता येत न्हाई का?"

मी सातवीपर्यंत शिकले, मला मोजता येतं. शोभाताईंनी शिडी लावली, कोपऱ्यातल्या चार काचा घासून-पुसून लख्ख केल्या, खाली उतरल्या अन् बादली उचलली.

"झाल्या चार."

सेठनी वर बघितलं. त्या चार काचा अशा चमकत होत्या की बाकीच्या साठ काचा शिवी दिल्यासारख्या दिसायला लागल्या. त्यांच्या मिसेस आतून आल्या, बघितलं, अन् म्हणल्या, "अहो, हे आधीच्यापेक्षा वाईट दिसायलंय. द्या त्यांना काय पाहिजे ते."

त्या दिवसापासून आमचा दर काचेवर हाय, खिडकीवर न्हाई. पण मला पोचायला एक वाजून पंचवीस झाले. अंगणवाडीच्या सुनंदाबाई कुलूप हातात घेऊन पायरीवर उभ्या. मी लांबूनच म्हणलं, "जयभीम बाई." त्या म्हणल्या, "जयभीम. पंचवीस मिनिटं."

*

काही गिऱ्हाइकं लई गोड बोलतात. त्यांची मला जास्त भीती वाटते.

औसा रोडला एक वहिनी होत्या. मी दर सांगायला तोंड उघडलं की त्या म्हणायच्या, "तुम्ही काय परक्या हाव का? घरच्यासारखं करा बाई, दराचं काय घेऊन बसलाव!"

दोन खिडक्या झाल्या. शोभाताईंनी वायपर खाली ठेवला, हात पुसले, अन् हॉलमधल्या सोफ्यावर पंख्याखाली जाऊन बसल्या. पाय वर घेतले. टीव्हीचा रिमोट कुठं हाय म्हणून विचारलं.

वहिनी बघतच राहिल्या. "अहो, काय करायलाव?"

"घरच्यासारखं. घरी दोन खिडक्या झाल्या की मी बसते. मग घरातलं कोणीतरी चहा करतं."

वहिनींनी चहा केला न्हाई. पण एका काचेचे किती, हे त्यांनी तिथंच विचारलं.

*

आधी दर विचारणारा माणूस आम्हाला एकच भेटला. आम्हाला तो कळलाच न्हाई.

एका ऑफिसातून साहेबांचा फोन आला. मी बादली भरत होते म्हणून शोभाताईंनी उचलला. साहेब म्हणले, "आधी कोटेशन द्या." शोभाताई म्हणल्या, "टेशन? मार्केट यार्डाच्या पलीकडं." साहेब परत म्हणले, "कोटेशन, कोटेशन." ताई जरा चिडल्या. "अहो, तेच सांगायलेय. कुटं टेशन, कुटं टेशन काय लावलंय? रिक्षावाल्याला सांगा, तो बरोबर सोडतो."

मग मी फोन घेतला. दर कागदावर लिहून द्यायचा असतो, ते त्या दिवशी कळलं. लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण तिघीत शिकलेली मीच. वहीचं पान फाडलं, समास आखला. शाळेत अर्ज शिकवला होता, तसाच लिहिला. विषय: खिडक्या पुसणेबाबत. महोदय, वरील विषयी विनंती करते की, एका काचेचा दर अमुक, माळ्यावरच्या काचेचा तमुक. सगळं नीट बसवलं. तीनदा वाचून बघितलं, एकही चूक न्हाई.

साहेबांनी वाचलं. शेवटाला आले अन् खुर्चीत मागं टेकून हसायला लागले. खाली मी लिहिलं होतं, "आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी."

त्यांनी लाल पेननं "मंजूर" लिहिलं. त्याच्या खाली, "सोमवारी वर्गात वेळेवर हजर राहणे."

*

टेशनवरून आठवलं. एका माणसाचा फोन आला. "स्टेशनच्या मागं घर हाय, निळं गेट. उद्या दहाला या. पैशाचं बघून घेऊ." किती काचा ते न्हाई, नाव न्हाई, काही न्हाई.

आम्ही शिडी रिक्षाला बांधून दहाला हजर. निळं गेट सापडलं. एक म्हाताऱ्या मावशी बाहेर आल्या. आम्ही म्हणलं, "खिडक्या पुसायला आलोत." मावशी म्हणल्या, "पुसा की." लई साधी बाई. आम्हाला पाणी दिलं, सावलीला चप्पल ठेवायला जागा दिली. अकरा काचा पुसून झाल्या अन् फोन वाजला.

"अहो, कुठं राहिलाव?"

मी म्हणलं, "पुसून राहिलोत की, साहेब."

"कुठं पुसायलाव? मी गेटातच उभा हाय. गोदावरीचा पूल ओलांडला का?"

मी फोनवर हात ठेवून भाभींना सांगितलं. भाभी म्हणल्या, "गोदावरी? लातूर में गोदावरी रहती तो टँकर कायकू लगते?"

माणूस नांदेडचा होता. नंबर त्याला लातूरच्या मेव्हण्यानं दिला होता, अन् आम्ही पण नांदेडच्याच, असं त्यानं धरून चाललेलं.

मी मावशींकडं गेले. "मावशी, तुम्ही आम्हाला बोलावलंच न्हाई की."

"न्हाई बाई."

"मग सांगितलं का न्हाई?"

"मला वाटलं सरकारची योजना हाय."

योजनेचे पैसे कोण देतं? चिंच दिली त्यांनी पिशवीभर. त्या दिवशी परत उशीर. सुनंदाबाईंनी परीला खिचडी भरवली होती. मला म्हणल्या, "हे दुसऱ्यांदा."

*

तिसऱ्यांदा काय झालं ते पण सांगते. त्यात माझी काही चूक न्हाई.

नव्या घराचे एक साहेब. गच्चीकडं जाणारी मोठी सरकती काच, त्यावर रंगाचे, सिमेंटचे डाग. त्यांनी पण दर ऐकलाच न्हाई, "काम बघून देऊ" म्हणले. शबानाभाभींनी ब्लेडनं एकेक डाग काढला. दोन तास लागले. मग साहेब बघायला आले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"काय केलं तुम्ही? मला तर काहीच दिसंना."

भाभी म्हणल्या, "साब, दिखना नक्को, इसीच वास्ते तो पोछे."

"ते काही न्हाई. दोन तासाचं काम मला कुठं दिसायलंय?" असं म्हणत साहेब गच्चीत बघायला निघाले. काच बंद होती. कपाळ असं आपटलं की आतून त्यांची आई पळत आली.

साहेब खाली बसले. भाभी जवळ गेल्या, वाकल्या, अन् लई मायेनं विचारलं, "अब दिखी, साब?"

त्यांच्या कपाळाला बर्फ लावता लावता एक वाजून गेला. ह्या खेपेला सुनंदाबाई रागावल्या न्हाईत. हळू आवाजात बोलल्या, त्यानं मी जास्त घाबरले. "सुजाता, मला पण घर हाय. चौथ्यांदा उशीर झाला तर दुसऱ्या दिवसापासून लेकरू पाठवू नको."

घरी आले अन् वायपर माळ्यावर टाकला. परी अंगणवाडीत न्हाई तर काम न्हाई. काम न्हाई तर पुढच्या वर्षीच्या शाळेचं काय, ते मला कळत होतं.

*

चार दिवसांनी फोन आला. सुनंदाबाईंचाच.

"सुजाता, तू खिडक्या पुसतीस म्हणं. रविवारी माझ्या घरी या तिघी."

मी म्हणलं, "बाई, काचा किती..."

"बघू की. आधी ये तर."

रविवारपर्यंत आमच्यात हाच वाद. शोभाताई म्हणल्या, दर म्हणजे दर, त्या काय तुला परीचं फुकट सांभाळतात का, सरकार पगार देतं. भाभी म्हणल्या, आधे लो. मी म्हणलं, एक रुपया घ्यायचा न्हाई, माझं लेकरू तिथं हाय. शोभाताई म्हणल्या, "मग दर महिन्याला बोलावतील. अन् मी काही तुझ्या लेकरापायी शिडी चढणार न्हाई." असं म्हणून रविवारी शिडी त्यांनीच उचलली.

एकोणीस काचा निघाल्या. वरून माळ्याची जाळी. अकरा वाजता काम झालं. सुनंदाबाईंनी बोट फिरवून बघितलं, खूश झाल्या, अन् पर्स उघडून उभ्या राहिल्या.

"किती झाले?"

शोभाताईंनी मला कोपर मारलं. मी म्हणलं, "पंधरा."

"पंधराशे?"

"न्हाई बाई. मिनिटं. एकच्या पुढची."

सुनंदाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग पर्स बंद केली अन् पदर खोचला. भाजीवाल्यापुढं बाई खोचते तसा.

"पंधरा लई होतात. माझी रिक्षा दीडला निघते. सात घे."

"सात कसे बाई? एकोणीस काचा हायत. वर जाळी."

"जाळी मी सांगितली नव्हती. आठ."

भाभी म्हणल्या, "बाई, आठ मिन्टां में तो सिग्नल बी नई छूटता."

"दहा. त्याच्यावर एक सेकंद न्हाई."

शोभाताई शिडीला टेकून उभ्या होत्या. म्हणल्या, "बारा करा अन् मोकळ्या व्हा. मागच्या खोलीची काच मी दोनदा पुसलीय."

सुनंदाबाईंनी मागच्या खोलीत जाऊन काच बघितली. बाहेर येऊन म्हणल्या, "बारा. रोजचे बारा. पण परत घासाघीस न्हाई."

सोमवारी मी पळत पळत पोचले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सुनंदाबाई पायरीवर बसलेल्या, परी त्यांच्या मांडीवर पेंगलेली. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"तुझी दोन मिनिटं राहिली. ती उद्यावर ढकलायची न्हाई."

मी "हाव बाई" म्हणलं अन् परीला उचललं. गेटापर्यंत गेले तर त्यांनी मागून हाक मारली.

"अन् ऐक. ह्या बाकीच्या आयांमध्ये पंखे पुसणारी कोणी असली तर निरोप दे तिला. माझ्या घरी चार पंखे हायत, आठ मिनिटं. आधीच सांगायलेय म्हणावं."